कार्यप्रशिक्षणाचे तास कागदावर नकोत

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पदवीचा निकाल लागला की सोलापुरातील मुलामुलींची नोकरीसाठी धावपळ सुरू होते. हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठायचे, ओळखीच्या कुणाच्या खोलीवर उतरायचे आणि दिसेल त्या कंपनीत बायोडाटा द्यायचा, हा क्रम आता ठरून गेला आहे. या धावपळीतील बराचसा भाग पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून आपल्याच जिल्ह्यातील उद्योगांत प्रत्यक्ष काम शिकून केलेल्या तयारीने वाचू शकतो, असे माझे मत आहे. अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील एका टेरी टॉवेल कारखान्याच्या निर्यात विभागात मी काम पाहतो आणि नव्या उमेदवारांच्या मुलाखतींना बसतो, त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

मुलाखतीला येणाऱ्या वाणिज्य पदवीधरांना ‘लेटर ऑफ क्रेडिट’ची, म्हणजे निर्यातदाराला पैसे मिळण्याबाबत बँकेने दिलेल्या हमीपत्राची, व्याख्या तोंडपाठ असते, परंतु इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट समोर ठेवून दोन्हींतील वजन व नगसंख्या जुळते का ते पाहा म्हटले, तर बहुतेकांना सुरुवात कुठून करावी हेच समजत नाही. जीएसटीआर-१, म्हणजे जीएसटीचे विक्रीचे मासिक विवरणपत्र, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचा असतो हे ते सांगतात, पण पुरवठादाराने तो वेळेत न भरल्यास खरेदीदाराचे इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, कसे अडकून पडते, हे त्यांनी कधी पाहिलेले नसते. ही बुद्धीची उणीव नव्हे. शिकत असतानाच एखाद्या कर सल्लागाराच्या कार्यालयात काही महिने बसलेला विद्यार्थी याच प्रश्नांना सहज उत्तरे देतो, मग त्याचे गुण थोडे कमी असले तरी आमची पसंती त्यालाच असते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात पदव्युत्तर वर्गांना २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांतील पदवी वर्गांना २०२४-२५ पासून जो आराखडा लागू झाला, त्यात कार्यप्रशिक्षणाला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घ्यायच्या आणि विद्यार्थी ज्याला ‘ओजेटी’ म्हणतात त्या प्रशिक्षणाला, ४ श्रेयांक (क्रेडिट) दिलेले आहेत. तासांत मोजले तर हे १२० तास होतात. तरतूद उत्तम आहे. मला धास्ती वाटते ती तिच्या अंमलबजावणीची. मामाच्या दुकानाचा शिक्का मारलेले प्रमाणपत्र जोडून हे श्रेयांक पदरात पाडून घेण्याची वाट जर एकदा पडली, तर ती बुजवणे कुणालाही जमणार नाही. म्हणून रोजची हजेरी, रोज काय काम केले याची विद्यार्थ्याने स्वतःच्या हस्ताक्षरात ठेवलेली वही, प्राध्यापकाची निदान एक प्रत्यक्ष भेट आणि तोंडी परीक्षेत त्या वहीवरूनच विचारलेले प्रश्न, एवढे तरी बंधनकारक असावे.

एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ २००४ साली आपल्याला मिळाले, त्याचा खरा लाभ येथेच घेता येईल, कारण महाविद्यालये आणि उद्योग दोन्ही एकाच जिल्ह्यात आहेत. रसायनशास्त्राचा विद्यार्थी प्रयोगशाळेत पोलॅरिमीटर हाताळतो, आणि साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचे ब्रिक्स (विरघळलेल्या घटकांचे प्रमाण) व त्याच उपकरणाने पोल (साखरेचे प्रमाण) दिवसरात्र मोजले जात असतात; पण ते गळीत हंगामात. उन्हाळी सुटीत विद्यार्थी मोकळे होतात, तेव्हा कारखान्याचे धुराडे थंडावलेले असते. साखर कारखान्यांपुरते तरी कार्यप्रशिक्षण दिवाळीच्या सुटीला जोडून ठेवता आले, तर या तासांना अर्थ येईल. केगावला विद्यापीठाच्या शेजारीच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबावरील जिवाणूजन्य तेल्या रोगाने हैराण झालेले बागायतदार सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याच जिल्ह्यात भेटतील, त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. गणवेश शिवणारे कारखाने, चादरी व टॉवेलचे यंत्रमाग, चिंचोळीची औद्योगिक वसाहत यांची नावे सोलापूरकरांना नव्याने सांगायला नकोत.

येथे एक गोष्ट ओघात नमूद करतो. सोलापूर शहराच्या पूर्व भागातील अनेक मुले घरी तेलुगू, गल्लीत मराठी आणि बाजारात हिंदी बोलतात. अक्कलकोटकडील मुलांना कन्नड येते. आमचा बराच माल हैदराबाद आणि कर्नाटकातील व्यापाऱ्यांकडे जातो, तेव्हा विक्री विभागात अशा उमेदवाराला मोठी मागणी असते. तरीही बायोडाट्यात भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजी एवढेच लिहिलेले असते. घरची भाषा लिहिण्यात कमीपणा कसला, हे मला अद्याप समजलेले नाही.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला माझा विरोध नाही, मात्र त्या मुलांनीही हे तास मनापासून पूर्ण करावेत.

दोष केवळ विद्यार्थ्यांचा आणि महाविद्यालयांचा नाही, आम्हा कारखानदारीतील लोकांचाही आहे. प्रशिक्षणाला आलेल्या मुलाला झेरॉक्स काढायला पाठवायचे आणि नंतर ‘यांना काही येत नाही’ अशी तक्रार करायची, हे बरोबर नव्हे. पदवीनंतरच्या शिकाऊ उमेदवारीसाठी १९६१ चा कायदा आहे. ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक असले, तरी ४ ते २९ जणांच्या लहान आस्थापनांनाही ते स्वेच्छेने घेता येतात आणि केंद्राच्या योजनेत पदवीधराच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भार सरकार उचलते. आपल्याकडील कित्येक लहान यंत्रमागधारकांना याची कल्पनाच नाही. विद्यार्थीदशेतील प्रशिक्षणार्थींना विद्यावेतन देणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी मोहोळ, बार्शी, मंगळवेढ्याहून येणाऱ्या मुलामुलींचा निदान एसटीचा खर्च द्यावा.

उद्योजकांच्या संघटनांनी आणि विद्यापीठाच्या प्लेसमेंट सेलने मिळून, कोणत्या कारखान्यात, कोणत्या महिन्यात, किती विद्यार्थ्यांना आणि नेमके कोणते काम शिकता येईल याची तालुकावार यादी दसऱ्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर लावावी, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर