सुभेदार साहेब, मनापासून धन्यवाद

आदरणीय सुभेदार साहेब,
जय हिंद.

पेन्शनवर आल्यापासून तुम्ही पहाटे रंकाळ्यावर भरतीच्या पोरांची तयारी करून घेता, असं कळलं. नशीबवान आहेत पोरं! पलटणीत तुमच्यापुढे सावधानमध्ये उभं राहून आभार मानायचं राहूनच गेलं. म्हणून हे जाहीर पत्र.

नायक होऊन माझ्याकडे सेक्शन, म्हणजे जवानांची छोटी तुकडी, आलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "पोरगं मागं पडलं की आधी बघ, त्याला जमत नाही का तो करत नाही? रगड्याची शिक्षा काय, कधीही देता येते."

एका जवानाची फायरिंग सुधरतच नव्हती. शंभर मीटरवर पाच गोळ्या टार्गेटभर विखुरलेल्या. पिठ्ठू, म्हणजे पाठीवरचं वजनदार ओझं, बांधून पळवा, असंच सगळे म्हणत होते. तुम्ही मात्र त्याच्या शेजारी पोटावर पडलात, रायफल रिकामी असल्याची खात्री केलीत, नळीवर रुपयाचं नाणं ठेवलंत आणि ट्रिगर दाबायला सांगितलंत. नाणं खाली. परत ठेवलं, परत खाली. आवाजाच्या धास्तीनं तो आधीच खांदा पुढं ढकलत होता. नाणं जागचं हलेनासं होईपर्यंत तुम्ही रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर थांबलात. पिठ्ठू परेडनं त्याचे पाय दमले असते, धास्ती तशीच राहिली असती.

दुसरा मात्र करत नव्हता. रोल कॉलला उशीर, पीटीला दांडी. चारचौघांत एक शब्द न बोलता तुम्ही त्याला बाजूला घेतलंत. गावाकडं बांधावरून भाऊबंदकी पेटलेली, घरी म्हातारे आईवडील एकटे. तुम्ही कंपनी कमांडर साहेबांकडं विषय नेलात आणि सीओ, म्हणजे पलटणीच्या प्रमुख साहेबांच्या सहीचं पत्र कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना गेलं. तरीही जादा गार्ड ड्यूटी त्याला चुकली नाही. अडचण ऐकून घेतली, मदत केली, पण उशीर तो उशीरच. माझ्या मते हे सगळ्यात अवघड काम, कारण अशा वेळी माणूस एक तर विरघळतो, नाही तर ऐकूनच घेत नाही.

पोस्टवर झोपलेल्या संत्रीला मात्र तुम्ही त्याच सकाळी वरच्या साहेबांपुढे पेश केलंत. तिथं समजावणं नाही; त्याच्या भरवशावर बाकीचे झोपलेले असतात. एरवी कागद रंगवायची तुम्हाला घाई नसायची. रेड इंक एंट्री, म्हणजे लाल शाईनं नोंदलेली शिक्षा, पोराच्या रेकॉर्डला कायमची चिकटते आणि चार झाल्या की नोकरीवर येऊ शकतं, हे तुम्ही आम्हा एनसीओंना, म्हणजे नायक-हवालदारांना, बजावून सांगायचात.

आणि हात? कधीच उचलला नाहीत. १९५० च्या आर्मी ॲक्टच्या कलम ४७ खाली हाताखालच्या माणसाला मारहाण केली तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तुम्हाला कायद्याची आठवण करून द्यावी लागत नव्हती. शिवीगाळ करून माणसं घडतात असं अजूनही मानणाऱ्यांनी तुमची प्लाटून बघायला हवी होती.

नाणंवाला जवान आता नायक झालाय, स्वतःचं सेक्शन सांभाळतोय. त्याच्याकडंही एक पोरगं फायरिंगमध्ये अडकलंय. तुमचा नंबर मागत होता, मी दिलाय. एवढ्यात फोन येईल, तेवढा उचला. काकूंना नमस्कार.

तुमचाच,
एक हवालदार