जुन्नर स्टँडच्या चौकशी खिडकीतल्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्हाला माझं नाव माहीत नाही आणि मलाही तुमचं माहीत नाही, खिडकीच्या जाळीतून माणूस जेवढं दिसतं तेवढीच आपली ओळख. मागच्या महिन्यात आले तेव्हा खिडकीत दुसरे साहेब होते, म्हणाले तुमची बदली झाली. निरोप ठेवायलाही जागा राहिली नाही, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, ओळखीचं कोणी वाचलं तर पोचवेल तुमच्यापर्यंत.

आठवतंय का बघा. सप्टेंबर २०२२, मी आणि माझी मैत्रीण, दोघींकडे गाडी नाही आणि मला तर चालवताही येत नाही. नाणेघाट बघायचा होता आणि ज्याला विचारावं तो म्हणायचा, स्वतःची गाडी असेल तरच जा नाहीतर जीप ठरवा. आम्ही पहाटे पुण्यात वाकडेवाडीहून एसटी पकडली, नारायणगाव करून जुन्नर, आणि उतरल्या उतरल्या खिडकीशी येऊन विचारलं, घाटघरची गाडी किती वाजता? तुम्ही वेळ सांगितलीच नाही. उलट आम्हालाच विचारलंत, परत कधी यायचंय? आम्ही म्हटलं संध्याकाळी. तर तुम्ही म्हणालात, "संध्याकाळची गाडी खाली येत नाही, वर जाते. मुक्कामाला."

हे वाक्य तेव्हा मला कळलंच नव्हतं. तुम्ही मागच्या लायनीतल्या माणसाला जरा थांबवून समजावलंत, की या गाड्या ट्रेकवाल्यांसाठी नाहीत, गावासाठी आहेत. गावाला सकाळी तालुक्याला यायचं असतं, शाळा, दवाखाना, कचेरी, बाजार, आणि दिवस मावळायला घरी जायचं असतं. म्हणजे आपल्याला जे हवं त्याच्या बरोब्बर उलटं. शेवटची गाडी गावात झोपते, ड्रायव्हर कंडक्टर तिथेच झोपतात आणि उजाडायच्या आत ती पहिली गाडी होऊन खाली निघते. शाळेच्या वेळेवर असलेली फेरी दिवाळीच्या, मेच्या सुट्टीत असेलच असं नाही, तेही तुम्हीच सांगितलंत. इतकी वर्षं एसटीने फिरले पण वेळापत्रक असं उलगडून मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग त्या दिवशी तुम्ही आम्हाला नाणेघाटाला जाऊच दिलं नाहीत. म्हणालात आज पायी फिरा. स्टँडवरून चालत पाडळीच्या बाजूने तुळजा लेणी, आणि मग शिवनेरी, कुठे गाडी नको रिक्षा नको. मला खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलं होतं, नाणेघाट सोडून हे काय, पण काका, तुळजा लेण्यांतलं ते गोल चैत्यगृह बघितलं आणि मी गप्प झाले. मधे स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांबांचं कडं, वर घुमट, बाकी काही नक्षीकाम नाही. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि आत आम्ही दोघीच. गाडी करून आलो असतो तर लेण्याद्री, शिवनेरी करून परतलो असतो, इकडे वळलोही नसतो. दुपारनंतर शिवनेरी चढलो, सात दरवाजे, शिवाई देवी, १६३० साली महाराज जन्मले ती जागा, आणि वरून अख्खं जुन्नर दिसत होतं. जिथून चालायला लागलो ते स्टँड कुठे असेल ते शोधत बसलो होतो आम्ही. स्वतःच्या पायाने गावातून गडावर गेलं की गड आणि गाव एकमेकांचे आहेत हे पायाला कळतं, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

परत आल्यावर तुम्ही डायरीचं पान फाडून दिलंत. निळ्या पेनने तीन रकाने, जायची, यायची, मुक्कामी. खाली गावं, घाटघर, चावंडवाडी, हडसर, निमगिरी. आणि सगळ्यात वर दोन रेघा मारून लिहिलेलं, आधी यायची बघा.

आधी यायची बघा! एवढ्या एका ओळीवर गेली तीन वर्षं आम्ही फिरतोय. परतीची गाडी ठरली की मग मागे मोजत यायचं, उतरायला किती, फाट्यापर्यंत चालायला किती, वर बसायला किती, आणि उरेल त्यात जायची गाडी बसते का बघायची. बसत नसेल तर मुक्काम, नाहीतर दुसरा गड. वेळा इथे मुद्दाम लिहीत नाही कारण त्या बदलतात, वाचणाऱ्यांनी खिडकीशीच जाऊन विचारावं, आणि गाडीत बसल्यावर कंडक्टरलाही परत एकदा विचारावं, परतीला हीच गाडी का दुसरी.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे ते. चावंड किल्ल्याचा दिवस. चूक सगळी माझी होती. वरच्या त्या सात टाक्यांपाशी, सप्तमातृका म्हणतात ना, तिथे मी बसले ती उठेचना, मैत्रीण घड्याळ दाखवत होती आणि मी पाच मिनिटं पाच मिनिटं करत होते. खाली आलो तेव्हा दुपारची गाडी जाऊन बराच वेळ झाला होता. अंधारायला लागलं, फोनला रेंज नाही, आम्ही रस्त्याने आपटाळ्याच्या, म्हणजे जुन्नरच्या, दिशेने चालायला लागलो आणि पाऊस आला. समोरून मुक्कामी गाडी वर येत होती. आम्ही हात केला नाही कारण ती उलट्या दिशेची, पण तीच आमच्याशी येऊन थांबली. कंडक्टरनी दार उघडून विचारलं, "चावंडच्या दोन पोरी तुम्हीच ना? स्टँडवर साहेब वाट बघतायत, दुपारच्या गाडीत उतरल्या नाहीत म्हणले."

काका, मला तिथेच रडू आलं. दिवसभरात किती गाड्या तुमच्या समोरून जातात, त्यातली एक परत आली तेव्हा त्यातून कोण उतरलं नाही हे तुम्ही बघितलंत. आम्ही सांगितलंही नव्हतं की लक्ष ठेवा. मागून दुधाचा पिकअप खाली चालला होता, कंडक्टरनी त्याला थांबवलं, आम्हाला पुढे बसवलं आणि गाडीचा नंबर वहीत लिहून घेतला. जुन्नरला पोचलो तर खिडकी बंद आणि तुम्ही बाहेर बाकावर, डबा मांडीवर, ड्युटी कधीच संपलेली. ओरडला नाहीत. "नारायणगावची आहे अजून, बसा," एवढंच म्हणालात आणि गाडी हलेपर्यंत उभे राहिलात. मी तेव्हा थँक्यू म्हटलं की नाही तेही मला आठवत नाही, इतकी मी गारठलेली आणि शरमलेली होते.

नाणेघाट पुढच्या वर्षी केला आणि तोही तुम्ही सुचवला तसा, उलटा. कल्याणहून माळशेजच्या रस्त्याची एसटी, वैशाखऱ्याला उतरायचं, घाट चढून वर यायचं आणि घाटघरहून जुन्नरच्या गाडीने घरी. गाडीवाल्या मित्रांना हे करताच येत नाही, त्यांना जिथे गाडी लावली तिथे परत उतरावंच लागतं. आम्ही मात्र कोकणातून चढून देशावर उतरलो, सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल ज्या वाटेने जुन्नरच्या बाजारात यायचा त्याच वाटेने, त्याच दिशेने. वरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख, त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे, आणि पुढे तो दगडी रांजण, ज्यात जकात टाकायचे म्हणतात. घाटघरला मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरनी देवळाच्या ओवरीत झोपायला जागा दाखवली, पहाटे त्यांनीच हाक मारली. मेचे दिवस होते, गाडीत हिरड्याची पोती, सगळी गाडी त्या तुरट वासाने भरलेली, एका आजींनी पोतं सरकवून मला बसायला जागा केली. त्यांचं तिकीट फुकट होतं पंचाहत्तरीमुळे आणि आमचं अर्धं, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं झालंय ना, तर त्या हसून म्हणाल्या आता तुम्ही दर आठवड्याला या.

दर आठवड्याला नाही जमत पण दोन महिन्यातून एकदा येतोच. आता आमच्याबरोबर ऑफिसातल्या चौघी असतात, एकीची आई पण येते, तिला चढवत नाही तर ती गावात बसून गप्पा मारते आणि परतीच्या गाडीवर लक्ष ठेवते. सगळ्यांना मी ते पान दाखवते.

त्या पानावर निमगिरीसमोर यायचीच्या रकान्यात तुम्ही प्रश्नचिन्ह टाकलं होतं आणि म्हणाला होतात, विचारून सांगतो. मागच्या महिन्यात आम्ही निमगिरी केला. कंडक्टरना विचारून मी ती जागा भरली, तुमच्यासारख्याच निळ्या पेनने. पान घडीवर विरलंय म्हणून मागून चिकटपट्टी लावलीय. बॅगेच्या वरच्या कप्प्यात असतं, कुठल्याही स्टँडवर भेटलात तर काढून दाखवते.

तुमची,
चावंडच्या दोन पोरींतली उशीर करणारी