गाडीने टिपलेल्या माहितीची नोंद आधी गाडीच्या मालकाला मिळावी: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

नवी गाडी ताब्यात घेताना शोरूममध्ये अनेकदा काय घडते, ते आधी सांगतो. मालक कागदांवर सह्या करत असतो, तेवढ्यात विक्री प्रतिनिधी त्याचा फोन मागून घेतो, त्यात कंपनीचे ॲप टाकतो, ओटीपी विचारतो आणि लांबलचक अटींखालच्या ‘मान्य आहे’वर स्वतःच बोट ठेवतो. गाडी कुठे गेली, किती वेगाने गेली, ब्रेक किती जोरात लागला, हे कंपनीला कळवण्याची परवानगी अशी परस्पर दिली जाते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

अशा नोंदींचे पुढे काय होऊ शकते, हे अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रकरणात उघड झाले. ‘स्मार्ट ड्रायव्हर’ या सुविधेतून जमा झालेल्या ग्राहकांच्या नोंदी लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या ग्राहकांची माहिती पुरवणाऱ्या कंपन्यांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत पोहोचत होत्या, हे मार्च २०२४ मध्ये वर्तमानपत्रांत आले. विम्याचा हप्ता का वाढला याचा शोध घेणाऱ्या ग्राहकांच्या हाती स्वतःच्याच फेऱ्यांचा तपशील पडला. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी आयोगाच्या म्हणण्यानुसार गाडीचे ठिकाण काही वेळा दर तीन सेकंदांना नोंदवले जात होते. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने जाहीर केलेल्या तडजोडीत, ही माहिती ग्राहकांविषयीचे अहवाल पुरवणाऱ्या अशा संस्थांना देण्यास कंपनीला पाच वर्षांची मनाई करण्यात आली.

याच कंपनीचे आणखी एक प्रकरण मला यापेक्षाही अस्वस्थ करते. तिच्या काही छोट्या गाड्यांचा इग्निशन स्विच इतका सैल होता, की चालत्या गाडीत किल्ली जागेवरून सरकून इंजिन बंद पडे आणि धडक बसली तर एअरबॅगही उघडत नसे. कंपनीतल्या काही जणांना हा दोष जवळजवळ दहा वर्षे ठाऊक होता. तरी गाड्या परत बोलावल्या गेल्या त्या २०१४ मध्ये, आणि नंतर भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. चालकाची माहिती बाहेर जायला वेळ लागला नाही आणि गाडीच्या दोषाची माहिती चालकापर्यंत यायला दशक लागले. म्हणूनच ग्राहकाचा खासगीपणा आणि गाडीचा भरवसा हे दोन प्रश्न मी एकाच पत्रात मांडत आहे: गाडीच्या नोंदीवर पहिला हक्क कोणाचा, हेच दोन्हींच्या मुळाशी आहे.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावण्याचे, नियम लागू झाले. त्यात सरकारने आदेश देण्याचा मुख्य मार्ग म्हणजे ठरावीक प्रमाणात मालकांनी तक्रारी करणे. पण चालत्या गाडीचे पॉवर स्टिअरिंग अचानक जड होते, वर्कशॉपमध्ये नेईपर्यंत ते ठीक होते आणि ‘स्कॅनरवर काही दिसत नाही, परत झालं तर घेऊन या’ एवढेच उत्तर मिळते, तेव्हा तो मालक तक्रार तरी कशाच्या आधारावर करणार? आपल्या एकट्याच्याच नशिबी हे आले, असे समजून तो गप्प बसतो. इंटरनेटला जोडलेल्या गाड्यांच्या बिघाडांचे संकेत मात्र कंपनीच्या सर्व्हरवर जमा होऊ शकतात, आणि तोच बिघाड शेकडो गाड्यांत होत असेल तर तो तिथे सर्वांत आधी दिसतो. कलम ११०अ सरकारला इतर स्रोतांचाही आधार घेऊ देते. अमेरिकेत २००० सालच्या, वाहनांच्या रिकॉलविषयीच्या ‘ट्रेड’ (TREAD) कायद्यानंतर उत्पादकांना वॉरंटीचे दावे, इजा आणि मृत्यू यांची माहिती ठरावीक काळाने नियामकाला द्यावी लागते. तशी सक्ती इथेही करावी, आणि ती माहिती मालकांची नावे व ठिकाणे वगळून घ्यावी. सुरक्षेचा दोष नुसत्या सॉफ्टवेअर अपडेटने दूर केला असेल, तरी त्याची रिकॉल म्हणूनच जाहीर नोंद व्हावी. आणि मालकाने मागितल्यास त्याच्या गाडीची बिघाडांची पूर्ण नोंद त्याला विनामूल्य मिळावी.

संमतीचा विषय डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये येतो आणि ते खाते आपले नाही, हे मी जाणतो. मात्र वाहनांचे नियम आणि गाड्यांच्या नोंदणीचे ‘वाहन’ पोर्टल आपल्याच मंत्रालयाकडे आहे. त्या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने दिलेली आणि विशिष्ट हेतूपुरती हवी, आणि सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय हवी. विक्री प्रतिनिधीच्या बोटाने दिलेली संमती यात बसत नाही. माहिती देण्यास नकार दिला म्हणून वॉरंटी किंवा आपत्कालीन मदत अडवता येणार नाही, असे नियमात स्पष्ट लिहावे. तसेच गाडी विकल्यावर आरसीवर नवे नाव चढताच जुन्या मालकाचा ॲपवरचा ताबा आपोआप सुटावा, अन्यथा विकलेल्या गाडीचे ठिकाण त्याला दिसत राहण्याचा धोका आहे.

या मागण्यांवर नियमांचा मसुदा काढून तो हरकती व सूचनांसाठी खुला करावा आणि त्या चर्चेत वाहन उत्पादकांइतकेच स्थान ग्राहक संघटनांनाही द्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाहनमालक