ओहोटीचे तास आम्हाला दिल्याबद्दल

मावशी,

सादर नमस्कार.

नाव विचारलं तेव्हा तुम्ही "मावशी म्हणा, झालं" म्हणालात. आता पत्र कुणाच्या नावे धाडायचं? म्हणून असं उघडंच लिहितेय.

त्या सकाळी खडकांचं टोक वळून पलीकडच्या पुळणीवर चालत जाता येईल का, एवढंच आमच्या टोळीने तुम्हाला विचारलं होतं. "जाता येईल" म्हणून तुम्ही आपल्या वाटेला लागला असतात तरी चाललं असतं. तुम्ही मात्र टोपली खडकावर टेकवलीत आणि आमच्याबरोबर निघालात.

आम्ही सगळे समुद्राकडे बघत होतो. तुम्ही बोट दाखवलंत ते दगडाकडे. खाली ओलं हिरवं शेवाळ, त्याच्यावर पांढरट, हाताला कापेल अशी बार्नेकलची, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या बारीक कवचधारी जीवांची, खरबरीत पट्टी आणि तिच्याही वर कोरडा काळा खडक. रोजचं पाणी साधारण कुठवर चढतं हे त्या पट्टीवरून कळतं, आणि टोकाच्या अरुंद जागी ती पट्टी आमच्यातल्या सगळ्यात उंच गड्याच्या डोक्याच्या वर होती. पुढे फार समजावून सांगावं लागलं नाही. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, उधाणाचे दिवस. पाणी जितकं लांब ओसरतं, तितकंच वरही चढतं.

"पाणी आधी चोरपावलांनी येतं, मग पळत येतं," असं तुम्ही म्हणालात. मी नंतर त्याचा हिशेब वाचला. भरती पूर्ण व्हायला सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. ढोबळमानाने बारा हिस्से धरले तर पहिल्या तासात एक हिस्सा पाणी चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन. म्हणजे निम्मी भरती मधल्या दोन तासांतच. पहिल्या तासाची संथ चाल बघून निवांत बसणारे फसतात ते इथे. ओहोटी तळाला लागण्याआधी टोक वळा आणि पाणी फिरलं की माघारी या, हे तुमचं वेळापत्रक आम्ही निमूट पाळलं. आमच्या टोळीत निमूटपणे काही पाळलं जाणं ही बातमी आहे.

आणि त्या डबक्यांचं काय सांगू! एरवी आम्ही ती ओलांडून गेलो असतो. तुम्ही एका डबक्याशी उकिडव्या बसलात, सावली पाण्यावर पडू नये म्हणून बाजूला सरकलात आणि "आता गप्प राहा" म्हणालात. आधी काहीच नाही. मग एक शंख चालू लागला. आत दुसऱ्याचं घर बळकावलेला इवला खेकडा. कडेला लालसर समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा एक प्राणी, उमललेलं होतं. त्याच्या एका पाकळीला त्या खेकड्याचा पाय लागला मात्र, सगळं फूल मिटून ओल्या गोळीएवढं झालं. दगड उचलून खालचं दाखवलंत आणि होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवलात, कारण उलटा राहिला तर खालचे जीव उन्हात वाळून मरतात. शंकूसारखा निमुळता, नक्षीदार शंख जिवंत असेल तर त्याला हात लावायचा नाही, त्याचा डंख जीवघेणा ठरू शकतो, हेही तिथेच कळलं. माझी मैत्रीण नेमकी तशाच एकाकडे वाकली होती.

पलीकडच्या पुळणीवर पोहायचा बेत होता. लाटांच्या मधोमध एक गुळगुळीत, शांत पट्टा दिसत होता आणि आमचा डोळा त्याच्यावरच. लाट जिथे फुटत नाही तिथून पाणी आत ओढ घेतं, हे तुम्ही सांगितलंत. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे झुंजत बसू नका, किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा आणि बाहेर पडा. आम्ही गुडघाभर पाण्यावर समाधान मानलं.

खरे आभार मात्र दुसऱ्याच गोष्टीचे आहेत, आणि ती लक्षात आली परतताना, तुमची टोपली अर्धीच भरलेली बघून. तुमचं काम ओहोटीतच व्हायचं. ती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, कधी भर दुपारी येते, कधी मध्यरात्री. भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याच्या, दिवसांत तर खालचे खडक उघडे पडतच नाहीत. दिवसाउजेडी आलेली उधाणाची ओहोटी म्हणजे तुमच्या कमाईचे मोजके तास, आणि त्यातला मोठा वाटा तुम्ही अनोळखी पोरांना खेकडे दाखवण्यात घालवलात. टोपली भरायला मदत करतो म्हटलं, तर "तुम्ही घसरून पडाल, ते काम वाढवू नका" म्हणून हसण्यावारी नेलंत. ते तसं बरोबरच होतं.

पुन्हा त्या बाजूला आलो तर भरती बघून येऊ, तुम्हाला सवड असेल तेव्हा.

तुमची,
टोळीतली ती सारखे प्रश्न विचारणारी