कुडाळच्या लेथवाल्या आप्पांना, जाहीर थँक्यू

आप्पा, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरा बरा" म्हणून फोन ठेवता, म्हणून इथे लिहितोय. तुम्ही वाचणार नाही, पण तुमचा नातू वाचून दाखवेल, त्याला तसं सांगून ठेवलंय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आम्ही देवबागला पागाच्या (हाताने फेकायच्या गोल जाळ्याच्या) शिसाच्या गोळ्या ओततो, लांबट, मधून दोरी जायला भोक असलेल्या. साच्यातून निघालेली गोळी कधीच एकसारखी नसते, जोडावर पातळ कड राहते आणि तीच कड नायलॉनची दोरी हळूहळू कापते. गोळ्या कमीजास्त वजनाच्या असल्या की पाग फेकल्यावर गोल उघडत नाही, एका बाजूने आधी बुडतो आणि बोय मासा तिकडूनच पसार. म्हणून प्रत्येक गोळी डायमधून, म्हणजे नेमक्या मापाचं भोक असलेल्या स्टीलच्या तुकड्यातून, दाबून काढायची, हे काम जुन्या हँड प्रेसवर चालायचं. डाय एका वर्कशॉपमधून करून आणलेली (नाव नको), बघायला चकाचक, पण तोंडाची कडा धारदार, त्यामुळे गोळी आत जाताना एका बाजूने सालटं निघायचं आणि भोक पण वाकडं व्हायचं.

आप्पांनी डाय हातात घेतली, तोंडात करंगळी फिरवली आणि म्हणाले, "रे, शिसा कापूचा नसता, दाबूचा असता." बास, सगळं दुखणं तिथेच कळलं. मग त्यांनी डायच्या तोंडाला आत लांब उतार दिला, एमरी पेपर काठीला गुंडाळून तेल लावून लेथवर एवढा घासला की आत तोंड दिसावं. आमची ओतलेली गोळी 10 मिमीच्या जरा वर असते, डाय 9.9 ची. यापेक्षा जास्त एका दमात दाबायचं नाही, नाहीतर गोळी लांबते आणि भोक मिटतं, हेही त्यांनीच सांगितलं.

खरी करामत पंचाची, म्हणजे गोळीला डायमधून ढकलणाऱ्या सळीची. भोक मिटू नये म्हणून पंचाच्या टोकाला पिन बसवली, तीही सरळ नाही, टोकाकडे किंचित निमुळती, म्हणजे शिसं पिनेला आवळून बसत नाही, गोळी खाली पडते आणि पिन वर येते. आणि पंच रॅमला (प्रेसच्या वरखाली होणाऱ्या भागाला) घट्ट न आवळता केसभर ढिला ठेवला. मला वाटलं बोल्ट राहिला, मी पाना घेऊन पुढे झालो तर हातावर चापट बसली! ढिला असला की पंच आपोआप डायचा मध्य शोधतो, घट्ट केला तर प्रेसचा जुना वाकडेपणा प्रत्येक गोळीत उतरतो.

मेणाचं पण तसंच. कोरडं शिसं स्टीलला चिकटतं, आम्ही एकेक गोळी हाताने मेणात घोळवायचो, हात चिकट, टेबल चिकट. आप्पांनी डायला चहूबाजूंनी बारीक भोकं पाडली, बाहेरून मेणाची वाटी बसवली आणि वर दाबायला स्क्रू, दांडा ओढला की गोळीला आपसूक मेण लागतं. अमेरिकेत हौशी नेमबाज स्वतः ओतलेल्या बुलेटला साईज आणि ल्यूब करायला (म्हणजे मापात आणून मेण लावायला) अशीच मशीन टेबलाला बोल्ट करून वापरतात, लायमन, आरसीबीएस वगैरे कंपन्या त्या बनवतात. आपल्याकडे तो उद्योग आर्म्स ॲक्टमध्ये जातो, आपला संबंध फक्त बोयशी, पण युक्ती युक्तीच. तिकडे मेण कडक असलं तर मशीनखाली हीटर लावतात, आप्पांनी 60 वॅटचा पिवळा बल्ब लावला. मधमाशांचं मेण 62-64 डिग्रीला वितळतं, आपल्याला वितळवायचं नाही, नुसतं मऊ हवं. वर थोडं खोबरेल घातलं की जानेवारीच्या सकाळीसुद्धा अडत नाही. स्क्रू मात्र जास्त पिळायचा नाही, मेण भोकात जाऊन बसतं आणि मग दोरी ओवताना बायका शिव्या घालतात.

आणि हे सगळं करण्याआधी तुम्ही विचारलंत, ओततोस कुठे, पोरं कुठे असतात. शिसं 327 डिग्रीला वितळतं, त्यात पाण्याचा थेंब पडला तर उडतं, म्हणून पागोळीखाली भट्टी नको, वारा खेळता हवा, जेवायच्या आधी साबणाने हात, जुन्या बॅटरीच्या प्लेटा तर अजिबात वितळवायच्या नाहीत. एवढं सगळं सांगून झाल्यावरच मशीनला हात लावलात.

जून-जुलैची बंदी सुटली की गिऱ्हाईक गोळ्यांना घाई करतं, यंदा माल आधीच तयार होता, दोरी कापल्याची तक्रार अजून एकही नाही. मजुरी विचारली तर तुम्ही फक्त स्टीलचे पैसे घेतलेत. आता 12 मिमीची डाय करायचीय, मोठ्या पागासाठी. ती पण तुम्हीच करायची, पण ह्यावेळी मजुरी घेतल्याशिवाय मी लेथसमोरून उठणार नाही. काकूंना नमस्कार, बांगडे शनिवारी पाठवतो.