वाकडा वाडगा आणि 'निष्काळजी हात'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला, आमच्या तालुक्यातल्या इनामगावच्या तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीच्या उत्खननावरचा लेख वाचला. वाकड्या वाडग्याच्या छायाचित्राखाली 'निष्काळजी हातांची निर्मिती' असं छापलंय. लेखकाने एकदा तरी चाकावर माती बसवून पाहिली असती, तर हे वाक्य लिहायला त्यांचा हात धजला नसता.

मी कुंभाराच्या घरातला. हंगाम नसला की वडील एका खोदकामावर रोजंदारीने जायचे. धुतलेली खापरं तिथे उन्हात वाळत घातलेली असत. त्यातलं एका वाडग्याचं बूड वडिलांनी उचललं, आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे शिकणाऱ्या पोराचं काम आहे." बूड जडच राहिलेलं, कारण माती वर ओढायची भीती वाटते. भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ, कारण गोळा चाकाच्या मधोमध बसलेला नाही. तळ नीट दाबून घेतला नाही म्हणून त्याला नागमोडी चीर गेलेली. तिथले साहेब म्हणाले, "बाबा, तुम्ही पाटी उचला." वडिलांनी मुकाट्याने पाटी उचलली. त्यांनी सांगितलेलं कुणी वहीत टिपून घेतलं नाही, याचा मला आजही राग येतो.

साधी गोष्ट आहे. कच्चं भांडं बिघडलं की त्याची माती पुन्हा भिजवता येते, कुंभाराचं काही जात नाही. तरीही ते वाकडं भांडं भाजलं गेलं, याचा अर्थ घरातल्या कुणीतरी ते आव्यात ठेवू दिलं. मला त्यात एक शिकणारं पोर आणि त्याला शिकवणारा माणूस दिसतो.

त्या काळच्या वस्त्यांतलं, जोर्वे पद्धतीचं म्हणतात ते चांगलं भांडं तांबडं, त्यावर काळी नक्षी, टिचकी मारली तर धातूसारखं वाजतं. तसा हात एका पावसाळ्यात येत नाही. व्हॅलेंटिन रू आणि डॅनिएला कॉर्बेटा या संशोधकांनी भारतातल्या कुंभारांचा अभ्यास करून १९८९ साली दाखवून दिलं, की चाकावर मोठं भांडं सफाईने काढायला वर्षानुवर्षं शिकावं लागतं. रू यांनीच पुढे गुजरातमधल्या खंबातच्या, अकीक दगडाचे मणी घडवणाऱ्या कारागिरांना ओळखीच्या दगडाऐवजी काच घडवायला दिली. मुरलेल्या कारागिरांनी हात लगेच जुळवून घेतला, बाकीचे अडखळले. कारागिराला विचारूनही पुरातत्त्व होतं, ते असं. इनामगावातही सांकलिया-धवळीकर या पुरातत्त्वज्ञांच्या पथकाला कुंभाराची भट्टी आणि वस्तीच्या पश्चिम कडेला कारागिरांची घरं सापडली होती. लेखात त्याबद्दल अवाक्षर नाही.

इ.स.पू. १००० नंतरची भांडी जाडीभरडी होत गेली, हे मला मान्य आहे. पाऊस कमी झाला, शेती बसली, असं धवळीकरांनी मांडलं आहे. पण पोट भरण्यासाठी माणसं पांगली, तर चाकाजवळ बसून पोराला शिकवणार कोण? शिकण्याची साखळी तुटली की हात बिघडतात, त्याला निष्काळजीपणा म्हणू नये. शिकाऊ पोराचं वाकडं भांडं वेगळं आणि विद्या विसरलेल्या हाताचं वेगळं. हा फरक ओळखणारे कुंभार आजही तालुक्यात आहेत. खापरांची वर्गवारी करताना त्यांना टेबलाशी बसवा, मजुरी द्या आणि ते सांगतील ते नोंदवहीत लिहा.

आणखी एक. आपल्या दैनिकात कुंभाराचा फोटो येतो तो फक्त दिवाळीच्या आधी, पणत्यांसोबत. तळ्याची माती मिळवायला आम्हाला दर वर्षी किती हेलपाटे घालावे लागतात, यावर मी मागे पत्र पाठवलं होतं. ते छापलं नाहीत. हे तरी छापावं.

कळावे,
आपला जुना वाचक,
ता. शिरूर, जि. पुणे