जमिनीवरची रोपे 'फिश टँकची रोपे' म्हणून विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: दहा रोपांच्या संचातील सहा रोपे पाण्याखाली न जगणारी निघाल्याबाबत, तसेच लागवडीच्या चुकीच्या सूचनेबाबत.

महोदय,

मे महिन्यात मी आपल्या संकेतस्थळावरून 'दोन फुटी टँकसाठी जिवंत रोपे' हा दहा रोपांचा संच मागवला. 749 रुपये, वर कुरिअरचे 120. पार्सल सावद्याला पाचव्या दिवशी पोचले. आमच्याकडचे मेचे ऊन सोसूनही रोपे हिरवीगार होती. पॅकिंगला मी नावे ठेवत नाही.

पार्सल उघडले तेव्हा आई शेजारीच बसली होती. एक रोप हातात घेऊन म्हणाली, "अरे, हे त कुंडीतलं झाड हाये!" मी हसण्यावारी नेले. तिचेच खरे निघाले. तीन काठ्या लकी बांबूच्या, म्हणजे ड्रॅसिनाच्या. मुळे पाण्यात आणि पाने हवेत असली की ते वर्षानुवर्षे जगते. दुकानांच्या गल्ल्यावर काचेच्या ग्लासात दिसते तेच हे. दोन जुड्या मोंडो गवताच्या, जे बंगल्यांच्या वाटेकडेला लावतात. आणि पानावर चांदीचे पट्टे असलेला एक पिलिया. या सहांपैकी एकही पाण्याखाली जगणारे नाही. पिलियाचा नवव्या दिवशी लगदा झाला, गवत महिन्याभरात पिवळे पडले, काठ्या खालून बुळबुळीत झाल्या. कुजलेल्या पानांनी पाण्यात अमोनिया वाढला, चाचणीच्या थेंबांचा रंग पिवळ्याचा हिरवा झाला आणि मुलाचे चार गप्पी मासे गेले. गप्पींचे पैसे मी मागत नाही. मुलाला काय सांगायचे ते मी बघून घेईन.

उरलेली चार रोपे खरी पाण्यातली होती: एक अनुबियास, एक जावा फर्न, दोन क्रिप्टोकोरिन. पण संचातल्या कार्डावर सगळ्यांसाठी एकच ओळ छापली आहे: 'दोन इंच रेतीत खोचा.' साहेब, माझा धंदा केळीचा. केळीचा कंद मातीत गाडायचा असतो हे मला कळते, म्हणूनच कार्डावर विश्वास ठेवून मी अनुबियासचा आडवा कंदही रेतीत गाडला. तो सडला. अनुबियास आणि जावा फर्न दगडाला नाहीतर लाकडाला दोऱ्याने बांधायचे असतात आणि कंद उघडा ठेवायचा असतो, हे मला जळगावच्या एका दुकानदाराने सांगितले. पैसे घेतले ते तुम्ही. जावा फर्न तेवढे वेळेत उपटून दगडाला बांधले म्हणून वाचले.

क्रिप्टोकोरिनची पाने आठवड्यात विरघळली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण नवीन पाण्यात ती असेच करतात आणि मुळे शाबूत असली की पुन्हा फुटतात. माझी फुटली आहेत. नर्सरीत ही रोपे बऱ्याचदा पाण्याबाहेर वाढवतात, मग बुडवल्यावर जुनी पाने जातात. टिश्यू कल्चरचे, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले केळीचे रोप हार्डनिंगशिवाय, म्हणजे बाहेरच्या हवेची हळूहळू सवय न लावता थेट शेतात लावले तर काय होते ते आम्ही जाणतो, त्यामुळे मला पटले. दुसरा एखादा गिऱ्हाईक मेले समजून उपटून फेकील. कार्डावर दोन ओळी वाढवायला किती खर्च येतो?

आता आपल्या ग्राहक सेवेची उत्तरे. पहिले: 'तुमचे पाणी जड आहे.' आहेच. बोअरच्या क्षारांनी ठिबकच्या नळ्या चोंदतात, त्यांना आम्ही ॲसिड ट्रीटमेंट देतो. पण त्याच टँकमध्ये जळगावहून आणलेली चाळीस रुपयांची व्हॅलिस्नेरियाची जुडी केळीच्या पिलांसारखी बाजूने रोपे काढत सुटली आहे. दुसरे: 'जावा फर्नच्या पानाखालचे काळे ठिपके हा रोग आहे, औषध मागवा.' ते ठिपके बीजाणूंचे, म्हणजे फर्नच्या बियांसारख्या कणांचे आहेत. त्याच पानांवर आता इवलीशी रोपे धरली आहेत, त्यांना कसले औषध देऊ? तिसरे: 'पार्सल उघडल्यापासून 24 तासांत व्हिडिओ पाठवला तरच भरपाई.' रोप मेलेले आले असते तर हा नियम मी मानला असता. इथे रोपच चुकीच्या जातीचे आहे, आणि ते 24 तासांत मरत नाही.

माझी मागणी अशी: सहा रोपांचे आणि अनुबियासचे पैसे कुरिअर खर्चासह परत करावेत. लकी बांबू, मोंडो गवत आणि पिलिया 'पाण्याखालची रोपे' या यादीतून काढावेत. विकायचेच असतील तर कुंडीची म्हणून विका, चांगली झाडे आहेत ती. आणि कार्ड नव्याने छापावे.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय 2019 च्या कायद्यात आहे.

फोन करायचा झाल्यास दुपारी बारानंतर करावा. सकाळी मी मळ्यात असतो.

आपला ग्राहक,
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव

सोबत: बिलाची प्रत, कार्डाचा फोटो, रोपांचे पहिल्या, नवव्या आणि तिसाव्या दिवशीचे फोटो, जावा फर्नच्या पानाचा एक फोटो.